मठपती सरांचा ड्रायव्हर

मठपती सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, की शिक्षण विचारलं नाही. मी उमरीचा. लातूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायला म्हणून आलो होतो, आणि पहिल्याच दिवशी दोन तास उशिरा पोचलो होतो, कारण अहमदपूरच्या अलीकडे एसटी बंद पडली. ऑफिसच्या बाहेर पॅसेजमध्ये एका कॉम्प्युटरसमोर कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, पांढरा मनिला शर्ट घातलेले एक गृहस्थ बसले होते. उशिराचं कारण मी त्यांनाच साहेब समजून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ड्रायव्हर कोण होता?"

मला वाटलं, यांच्या नात्यातलं कुणी एसटीत असेल. म्हटलं, बघितलं नाही.

"गाडीत बसलाव आन् ड्रायव्हर बगितला न्हाई," ते म्हणाले. रागानं नाही, हळहळून. मग पुन्हा पडद्याकडे वळले.

नंतर कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. कूलरमधून गरम हवा आली तरी, दाळमिलचं यंत्र तूरडाळीबरोबर खडेही पुढं सोडू लागलं तरी, शेजाऱ्याच्या सुनेनं बोलणं टाकलं तरी. गोष्ट बिघडली की ती गोष्ट बघायची नाही, आधी तिला चालवतोय कोण ते बघायचं. हा मंत्र त्यांना कुठून मिळाला ते सांगायचं तर त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं.

तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते. बाहेरगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत, खोल्या शोधत, मेसचे डबे लावत. प्रत्येक क्लासची दर आठवड्याला परीक्षा, म्हणजे दर आठवड्याला प्रश्नपत्रिका. गणित, पदार्थविज्ञानाच्या प्रश्नपत्रिका बाकीचे लोक साध्या टायपिंगवर करत. वर्गमूळ वाकडं, घातांक खाली घसरलेला. आमच्या क्लासचे पेपर मात्र छापील पुस्तकासारखे देखणे असत, कारण ते मठपती सर लाटेकमध्ये करत.

लाटेक हे प्रकरण मला आधी माहीत नव्हतं. त्यात पान दिसत नाही. नुसत्या आज्ञा लिहायच्या: इथं अपूर्णांक घे, इथं आकृती ठेव. आकृती बहुधा वेगळ्या फाइलीत असते. सगळं लिहून झालं की यंत्र त्या आज्ञा वाचतं आणि पान तयार होतं. पण शेवटी चित्र प्रत्यक्ष कागदावर उतरवणारा एक वेगळाच कारागीर असतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. असे ड्रायव्हर तीन-चार प्रकारचे, प्रत्येकाची बोली वेगळी. कुठल्या ड्रायव्हरशी बोलायचंय ते पहिल्या ओळींमध्येच सांगून ठेवावं लागतं. ते चुकलं तर अक्षरं सगळी नीट येतात, फक्त आकृत्या गायब. नाहीतर उताणी पडलेल्या. सर मला समजावून सांगताना म्हणाले होते, "प्रवासी बसला, तिकीट फाडलं, पाटीबी बरोबर हाय. पर ड्रायव्हरला वाटलं उदगीरला जायचंय. आता प्रवासी निलंग्याला उतरंल का?"

या विद्येसाठी सरांची स्वतःची परिभाषा होती. चित्राची चौकट किती मोठी, कुठून कुठवर, हे फाइलीत लिहिलेलं असावं लागतं. ते नसलं की यंत्र अडून बसतं. सर त्याला बांध म्हणत. "बांधच न्हाई, मग शेत किती धरायचं त्यानं?" एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी दोन वेगळे हुकूम दिले गेले की ते म्हणत, घरात दोन कारभारी झालेत. आणि यंत्र आपलं काम झाल्यावर शेवटी एक लांबलचक इंग्रजी अहवाल देतं, जो जगात कुणी वाचत नाही, त्याला ते पंचनामा म्हणत. सर तो सकाळी पोथी वाचावी तसा वाचत. एकेका ओळीखाली बोट धरून. पेपर सुंदर छापून आलेला असला तरी.

मी एकदा विचारलं, "सगळं बरोबर आलंय की सर, आता काय वाचताव?"

"बरोबर आलंय हे तुमी म्हणताव. यंत्र काय म्हणतंय ते तर बगू द्या."

त्यांच्या ड्रायव्हरचा मला स्वतःला लाभ झाला, तो माझ्या लग्नात. नांदेडची एक मुलगी मला पसंत होती, मी तिला पसंत होतो, पत्रिका जुळत होती, आणि चार महिने निरोप काही येत नव्हता. माझे वडील तिच्या वडिलांना पत्रं लिहीत होते. उत्तर यायचं: कळवतो. मी सरांपाशी सहज रडगाणं गायलं. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. ते असं करायचे तेव्हा समजायचं की गोष्ट गंभीरपणे हाती घेतली आहे. मग मला बारीकसारीक विचारत गेले. पहिल्यांदा मुलगी बघायला गेलात तेव्हा बोललं कोण? पोहे घ्या म्हणालं कोण? पत्रिका कुणाच्या खिशात होती? मी आठवून आठवून सांगत गेलो, आणि माझ्याच लक्षात आलं की प्रत्येक उत्तर एकच होतं: तिचे माहूरचे मामा.

"तुमच्या वडलांची पत्रं चांगलीच असतील," सर म्हणाले. "पर ती वाचणारा ड्रायव्हर गाडीवर न्हाई. मामाला लिहा."

मामांना पत्र गेलं. आठव्या दिवशी मामा स्वतः रेणुकादेवीचा प्रसाद घेऊन उमरीला हजर. माझ्या लग्नात सरांनी अक्षता टाकल्या आणि बँडवाल्यांचा म्होरक्या कोण ते विचारून घेतलं.

पण ज्या दिवसापासून मी त्यांच्याकडे नुसतं गंमत म्हणून बघायचं सोडलं, तो दिवस मोठ्या सराव परीक्षेचा. आमच्या संचालकांनी जिल्ह्यातल्या बऱ्याच कॉलेजांना या परीक्षेत ओढलं होतं. पेपर संध्याकाळी पाच वाजता छापखान्यात द्यायचा होता. त्याच आठवड्यात क्लासमध्ये नवे कॉम्प्युटर आले होते आणि ते बसवायला, शिकवायला नांदेडच्या देशमुख मॅडम नव्यानं रुजू झाल्या होत्या. हुशार बाई. नव्या यंत्रावर काम झटपट होत होतं. मधली एक पायरी गाळून थेट छापायची प्रत निघत होती. सरांनी आदल्या दिवशीच आपल्या सगळ्या आकृत्या नव्या यंत्राला चालतील अशा करून घेतल्या होत्या. सकाळी प्रत काढली तर निम्म्या आकृत्यांच्या जागी काहीच नाही, आणि यंत्र म्हणतंय, अशी फाइलच सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती. उरलेल्या आकृत्या वेगळ्या फाइलीत नव्हत्या, पेपरातच आज्ञा लिहून काढल्या होत्या; त्यांचं अजून विचित्र. उतारावरून घसरणारा ठोकळा सपाट जमिनीवर निवांत आडवा पडलेला. तिरपा दोर आडवा होऊन खालच्या प्रश्नाच्या अक्षरांवरून गेलेला.

संचालक दारात उभे राहिले. ते आरडाओरडा करत नसत. गप्प उभे राहत, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. देशमुख मॅडमनी सुचवलं की आकृत्या कागदावरून स्कॅन करून साध्या टायपिंगमध्ये चिकटवू, तीन तासांत होईल. सल्ला व्यवहारी होता. संचालकांनी सरांकडे बघितलं. सरांनी घड्याळ काढून पालथं ठेवलं.

पुढचे तीन तास मी वर्ग सुटला की धावत पॅसेजमध्ये यायचो. सर चहा घेत नव्हते. चहा आला की घाई येते असं त्यांचं मत होतं. त्यांची रीत अशी: मूळ फाइलीला हात लावायचा नाही. तिची नक्कल करायची. नकलेतला निम्मा भाग झाकायचा. ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. मग प्रत काढून बघायची. दुखणं उरलं असेल तर ते उघड्या अर्ध्यात आहे. गेलं असेल तर झाकलेल्यात. पुन्हा त्या अर्ध्याचं अर्धं. बस्स. चाळीस पानांचा पेपर झिजत झिजत एका पानावर आला, मग एका प्रश्नावर, मग प्रश्नही गेला. शेवटी पडद्यावर उरल्या फक्त सहा-सात ओळी आणि एक उतार, एक ठोकळा. ठोकळा अजूनही आडवाच.

मी गणिताचा माणूस आहे. सिद्धता कशी असते मला माहीत आहे. पण इतक्या सावकाश, इतकं काही न गृहीत धरता पुढं जाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. अंगावर काटा आला म्हटलं तर तुम्ही हसाल. एका ठोकळ्यासाठी. पण आला.

मग त्यांनी पंचनामा उघडला. त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं होतं. त्याचा अर्थ असा की, माझ्या बोलीत नसलेला एक हुकूम आला, मी तो सोडून दिला. देशमुख मॅडम म्हणाल्या, "सर, ही नुसती सूचना आहे. चूक नाही."

"मॅडम, चूक तर कोणालाबी दिसती," सर म्हणाले. "सूचनाच वाचायची असती."

दोष सापडला तो पेपरात नव्हताच. पेपराच्या सुरुवातीला सर स्वतःची एक छोटी फाइल जोडत, कित्येक वर्षांपूर्वी केलेली. रंगांसाठीचा एक संच त्या फाइलीतून बोलावला जायचा, आणि त्या ओळीत त्यांनी जुन्या ड्रायव्हरचं नाव कायमचं लिहून ठेवलं होतं. पेपर म्हणत होता ड्रायव्हर नवा. ही छोटी फाइल मागून येऊन म्हणत होती, जुना. रंगाचा संच शेवटी यायचा, म्हणून त्याचा शब्द चालायचा, आणि तो जाता जाता आकृत्यांचा कारभारही आपल्याकडे घ्यायचा. मग आकृत्या तो आपल्या जुन्या तऱ्हेच्या नावानं शोधायचा, त्या कशा सापडणार? आणि वळवा, फिरवा हे हुकूम तो जुन्या बोलीत द्यायचा, नव्या कारागिराला ते कळत नव्हते. म्हणून ठोकळा पडलेला.

सरांनी ती ओळ आम्हाला दाखवली. वर एका कोपऱ्यात त्यांचंच नाव होतं.

"माझ्याच हातची चूक हाय," ते संचालकांना म्हणाले. "लिवून ठेवा कुठं तरी." कुठं लिहायचं हे संचालकांना कळेना. ते नुसते मान हलवून गेले.

सरांनी त्या ओळीतून ड्रायव्हरचं नाव काढून टाकलं. सगळ्यात वर, सगळ्यांना दिसेल अशा एकाच जागी नवं नाव लिहिलं. ठोकळा उतारावर चढून बसला. मी टाळी वाजवली. देशमुख मॅडमही हसल्या आणि त्या दिवसापासून पंचनामा वाचू लागल्या. पाचला वेळ होता, तरी सर उठले नाहीत. छापील प्रत घेऊन, फूटपट्टी लावून ते एकेक आकृती मूळ वहीशी ताडून बघत बसले. मी म्हटलं, आता तरी चहा घ्या.

"पोरगं परीक्षेला बसल्यावर कोणाला इचारंल, उमरीकर?" ते मान वर न करता म्हणाले. "त्याला वाटंल, आपल्यालाच दिसंना."

त्या दिवसानंतर मी रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊ लागलो. मार्केट यार्डाच्या मागं, नव्या वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. समोर अंगण, मग ओसरी, मग उंबरा. मूलबाळ नव्हतं, सर आणि काकू दोघंच. पहिल्या दिवशीच मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. घर धडधाकट, पण दोन्ही बाजा बाहेर. काकूंची बाज अर्धी ओसरीच्या छपराखाली, अर्धी अंगणात. तिच्यामागं सरांची, पूर्ण उघड्यावर. आणि फरशीवर बाजेच्या पायांभोवती खडूचे गोल, एकामागं एक, अंगणापासून ओसरीपर्यंत आलेले.

काकू आत चहाला गेल्या तेव्हा सरांनी आवाज खाली करून खुलासा केला. त्र्याण्णवच्या भूकंपापूर्वी ते औसा तालुक्यातल्या एका गावी शाळेत विज्ञान शिकवत. दगडामातीचं घर, वर मातीचं माळवद. त्या पहाटे गाव बसलं. त्यांची आई गेली. "तवापासून हिला छताखाली झोप लागत न्हाई," ते म्हणाले. "दिवसा काय न्हाई. पर डोळा लागला की दचकून उठती. एकदम आत न्हिली तर जमणार न्हाई. म्हणून दर अमावास्येला चार बोटं सरकिवतो. बिघडलं, की दोन बोटं मागं. झोप लागली, की खडूची खूण करायची. तिला एकटीला वाटू नये म्हणून माझी बाज मागून येती."

किती वर्षं झाली, मी विचारलं. त्यांनी हिशेब केला नाही. "घाई न्हाई," एवढंच म्हणाले.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोच्या भीतीसाठी दर महिन्याला चार बोटं जमीन पार करणारा नवरा, ती म्हणाली, कुठं मिळतो.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी गेलो तेव्हा सर दूध आणायला गेले होते. काकू ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकू, भूकंपात तुम्ही फार भोगलं असेल."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मी तर माहेरी होते. उदगीरला. आमच्याकडं मांडणीवरली भांडी वाजली, तेवढंच."

मला समजेना. काकू शेंगा फोडता फोडता सांगत गेल्या. मातीखाली सर होते. दुपारपर्यंत. लोकांनी वर काढलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, शाळा हाय का? शाळा उभी होती. पण त्या वेळेला पोरं घरी होती. त्यांच्या वर्गातली निम्म्याहून जास्त गेली. पुढं शाळा पुन्हा भरली, तर फळ्यासमोर उभं राहून त्यांना हजेरी घेता येईना. नोकरी सोडली, लातूरला आले. घर बांधलं, आणि पहिल्याच रात्री झोपेतून उठून बाहेर अंगणात येऊन बसले. काकू मागून आल्या. सरांनी विचारलं, तुला आत भ्या वाटतंय का?

"मी म्हणलं, हाव, वाटतंय," काकू म्हणाल्या. "गडीमाणूस. मास्तर. त्यांना कसं म्हणायचं, तुमी भिताव?"

"मग या बाजा..."

"त्यांना वाटतंय मला आत न्यायलेत. न्हेऊ द्या. माझ्या मागनं त्यांची बाज येतीच की. मधी कधी ते रात्री दचकले, की मी सकाळी उठून म्हणते, मला काल झोप न्हाई लागली. मग दोन बोटं मागं."

मी विचारलं, सरांना हे ठाऊक असेल का?

"मी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमीबी इचारू नगा."

फाटकाचा आवाज झाला. सर दुधाची बरणी घेऊन आत आले आणि मला बघून खुशीनं म्हणाले, की या महिन्यात सहा बोटं सरकलो. काकू म्हणाल्या, हो, मला बरं वाटतंय आता. मी चहा घेतला. तो कसा लागला ते मला आठवत नाही.

दोन वर्षांनी मला नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागली. लातूर सोडायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला मी स्कूटरवरून त्यांच्याकडे गेलो. भर दुपार होती. मी फाटकातून हाक मारणार, तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेल्या काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

अंगण रिकामं होतं. ओसरीही रिकामी. दार सताड उघडं होतं आणि आत, खोलीच्या मधोमध, छताच्या पंख्याखाली मठपती सर पाठ टेकून झोपले होते. तोंड उघडं. चष्मा कपाळावर चढलेला. एक हात बाजेखाली लोंबत होता आणि श्वासाबरोबर पोट वरखाली होत होतं, लहान मुलाचं होतं तसं.

काकू हळूच फाटकापाशी आल्या. मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला.

"आजचा तिसरा दिवस हाय," त्या कुजबुजल्या. डोळे भरून आले होते. "उठवत न्हाई हं."

मी नको म्हणून मान हलवली. त्यांना वाकून नमस्कार केला. मग स्कूटर स्टँडवरून काढली आणि सुरू न करता, ढकलत ढकलत, गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे घेऊन गेलो.